सोनाजी मिस्त्रींचा अकरावा रकाना

धूर सोडणारं कुठलंही वाहन उभं दिसलं की सोनाजी मिस्त्री त्याच्या मागे जाऊन उकिडवे बसायचे. खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढायचे, सायलेन्सरच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर दोन्ही हातांनी ताणून धरायचे आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागायचे. एक, दोन, तीन करत थेट वीसपर्यंत. मग रुमाल उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून निकाल द्यायचे, "बराबर वीस. काळा."

मध्येच कुणी "काय मिस्त्री, बरं आहे का?" असं विचारलं की संपलं. विचारणाऱ्याकडे रागानं बघायचं, रुमालाची बाजू बदलायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात. अंबडच्या तहसील कचेरीसमोर साहेबांच्या जीपला रुमाल लावलेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा साहेब आत बसून घड्याळ बघत होते, ड्रायव्हर आरशात बघत होता आणि मिस्त्री चौदावर होते. मी ओरडलो, "अहो मामा, उठा, साहेबांना जायचंय!" झालं, मिस्त्री परत एकवर आले. साहेबांना एकूण चौतीस आकडे थांबावं लागलं, आणि साहेब नंतर माझ्याकडेच रागानं बघून गेले.

ही आमची ओळख. मी कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली टाइपरायटर घेऊन बसायचो. वाटण्या, प्रतिज्ञापत्रं, उताऱ्याचे अर्ज असं कुणाचंही काहीही टाइप करायचो. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले, "काल तू मधी बोलला. असू दे. एक अर्ज करायचाय, सरकारला." तो एक अर्ज पुढे सहा वर्षं चालला.

मिस्त्री डिझेल इंजिनांचे कारागीर. विहिरीवरची, पिठाच्या गिरणीची इंजिनं आसपासच्या गावांतून बैलगाडीत घालून त्यांच्याकडे यायची. पुढे वर्कशॉप, मागे घर, मध्ये एक भिंत. दुरुस्त केलेलं इंजिन ते दोन-दोन तास चालवून बघायचे, त्यामुळे त्यांच्या घराचा मूळ रंग कोणता हे कुणालाच आठवत नव्हतं. या माणसानं करंजाच्या तेलापासून एक मिश्रण तयार केलं होतं. डिझेलमध्ये थोडंसं घातलं की धूर कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. आता त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद पाहिजे होती, आणि नोंद झाल्याशिवाय ते कुणाला थेंबभरही देत नसत.

"आधी नोंद, मंग थेंब," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लोक थेंब मागायचे ते इंजिनासाठी नव्हेच. करंजाचं तेल म्हटल्यावर एक जण म्हशीच्या खरजेसाठी बाटली घेऊन यायचा, एकाला स्वतःच्याच खाजेवर हवं असायचं. मिस्त्री त्यांना दारातूनच परत पाठवायचे. "हे जनावराचं औषध न्हाई. हे इंधनातलं मिश्रण हाय. नोंद होऊन राह्यली त्याची."

अर्जाचा नमुना सोळा रकान्यांचा होता आणि तो मला आजही पाठ आहे. पंधरा रकाने आम्ही एका बैठकीत भरले. अडलं ते अकराव्यावर. 'सदर मिश्रणाच्या धुराचा श्वासावाटे मानवी आरोग्यावर होणारा परिणाम.'

"निरंक टाकतो," मी म्हणालो.

"निरंक काहून?"

"मामा, असल्या रकान्यात निरंकच टाकतात. अख्खं सरकार निरंकवर चालतं."

"तू बघितलं का निरंक हाय म्हणून? न्हाई ना? मंग लिही, तपासणी चालू आहे."

मी लिहिलं. पुढच्या सहा वर्षांत तो अर्ज मी कितीतरी वेळा नव्यानं टाइप केला. कार्बन झिजले, रिबिनी बदलल्या, अकराव्या रकान्यातली तपासणी मात्र चालूच राहिली.

जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या लागल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या. अर्ज औरंगाबादला गेला की तिथून उत्तर यायचं, तुमचा जिल्हा आता वेगळा आहे. जालन्याला गेला की कारकून म्हणायचा, जुन्या फायली अजून औरंगाबादहून आल्या नाहीत. एका खात्यानं कळवलं, मिश्रण वाहनात घालायचं असल्यानं वाहनांच्या खात्याकडे जावे. वाहनांच्या खात्यानं कळवलं, आम्ही वाहनाची नोंद करतो, त्याच्या पोटात काय आहे त्याची नाही. तिसऱ्यानं विचारलं, तेल खाण्याचे की लावण्याचे? मामांनी माझ्याकडून एका शब्दाचं उत्तर टाइप करून घेतलं: 'जाळण्याचे.' त्यावर चौथ्याच खात्याचं पत्र आलं, की आपल्याकडे आग विझवण्याची साधने किती आहेत ते कळवावे.

दुसरा कुणी असता तर कागद चुलीत घातले असते. मामा प्रत्येक पत्र दोनदा वाचून घ्यायचे, घडी करून टोपीत ठेवायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय. विचारणारच. उद्या लोकाच्या नाकात जायचाय तो धूर." सरकारवर इतका विश्वास ठेवणारा माणूस मी कचेरीच्या आतही पाहिला नव्हता.

एकदा एका खात्यानं मिश्रणाचा नमुना मागवला. दोन काचेच्या बाटल्या, लाखेचं सील. मामा त्या मांडीवर धरून एस.टी.नं घेऊन गेले आणि एका कार्यालयात जमा करून आले. दोन महिन्यांनी चौकशीला आम्ही दोघं गेलो, तर तिथला शिपाई मामांना बघून आनंदानं उठून उभा राहिला.

"मिस्त्री, काय तेल हाय तुमचं! गुडघे बिलकुल मोकळे झाले. अजून एक बाटली मिळंल का?"

आता हा म्हातारा त्याची मान धरतो, असं मला वाटलं. मामांनी खिशातून वही काढली. "किती दिवस लावलं?"

"महिनाभर."

"खोकला आला का?"

"गुडघ्याला लावलं हो. खोकला कशानं येईल?"

"तरी पण सांगा. जल्दी न्हाई, आठवून सांगा."

शिपायानं आठवून सांगितलं, की खोकला नाही. मामांनी लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये मी हसून हसून बेजार झालो, आणि मामा खिडकीतून बाहेर बघत बसले.

अमावस्येला त्यांचं वर्कशॉप बंद असायचं. त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते पिंपळगाव रेणुकाईला जायचे, ते दुसऱ्या दिवशी परत. बायको भोकरदनकडे भावाची शेती बघायला राहिली आहे, एवढं मला माहीत होतं. पण अमावस्येची वारी ही देवीसाठीच, असं सगळं अंबड धरून चाललं होतं. परत येताना मामांकडे नव्या पांढऱ्या रुमालांची चळत असायची. कडा बारीक टाक्यांनी दुमडलेल्या, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं एकेक आकडा. जुने काळे झालेले ते सोबत घेऊन जायचे. मला वाटायचं, नवसाचा काही प्रकार असेल. एकदा मी चिडवलंसुद्धा, "मामा, देवीलाच सांगा की नोंद करायला." ते नुसतं हसले.

पाचव्या वर्षी मीच थकलो. मामांचा डबा मी रोज बघत होतो. एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची भाकरी आणि चटणी. मला वाटलं, या माणसाला एकदाचा त्याचा कागद मिळावा, तेल विकून त्यानं चार घास नीट खावेत. म्हणून एका दुपारी मी स्वतःच एक पत्र टाइप केलं. 'आपल्या मिश्रणाची नोंद करण्यात येत आहे.' जावक क्रमांक टाकला. शेजारच्या टेबलावरच्या रबरी शिक्केवाल्याकडून एक गोल शिक्का उमटवून घेतला. सही मी डाव्या हातानं केली, आणि खोटं कशाला बोलू, फार झकास झाली होती.

मामांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. शाईचा वास घेतला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "दिनकर, याला किती मोजले तू? पाचच ना?"

"म्हणजे?"

"काही न्हाई." त्यांनी पत्राचे चार तुकडे केले, ते माझ्याच कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि म्हणाले, "चल, अर्ज घाल मशीनला. वीस झाल्याबिगर उठायचं न्हाई आपल्याला."

आठ दिवस मी त्यांच्यावर रुसलो होतो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सहाव्या वर्षी खरं पाकीट आलं. नमुना शेवटी प्रयोगशाळेत पोहोचला होता, आणि या वेळी कुणाचे गुडघे मध्ये आले नव्हते. मामांनी पाकीट फोडलं नव्हतं. ते माझ्यासमोर ठेवलं, टोपी काढून मांडीवर घेतली. मी वाचलं. 'सदर मिश्रणाने धूर कमी होत असल्याचे दिसून आले. तथापि तो विहित मर्यादेत येत नाही. सबब नोंदणी अमान्य.'

"अमान्य म्हंजे बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही, मामा."

ते बराच वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "परवा अमावस्या. तू चल माझ्यासंगं पिंपळगावला. हा कागद तिथं वाचून दाखवायचाय. मी वाचला तर खरं वाटणार न्हाई."

पिंपळगावला उतरल्यावर मी सवयीनं देवळाकडे वळलो. मामा दुसऱ्याच बोळात शिरले. एका घराच्या ओसरीवर मामांच्याच वयाची एक बाई पांढऱ्या कापडाला टाके घालत बसली होती. तिच्या बाजूला लाल दोऱ्याचं रीळ होतं. तिनं मान वर केली, थोडी खोकली आणि मला विचारलं, "तुम्हीच का टाइपवाले?"

त्या गयामामी, मामांची बायको, आणि हे त्यांच्या भावाचं घर. भावाची शेती बघायला आलेल्या मामींना मी सहा वर्षं भावाच्या शेतातच समजत होतो.

मामा खांबाजवळ उभे राहिले. बसले नाहीत. "वाच," ते म्हणाले.

मी पहिलं वाक्य वाचलं, धूर कमी होत असल्याचे दिसून आले. मामींचा चेहरा असा काही उजळला की माझी जीभ पुढे सरकेना. तिथंच थांबावं, घडी घालावी, असं मनात आलं. मामींना अक्षर येत नव्हतं. कुणाला कळलं असतं?

"पुढं वाच," मामा म्हणाले. "सगळं वाच."

मी अमान्यपर्यंत वाचलं. मामींनी कापड खाली ठेवलं.

"संपलं?"

"संपलं, मामी."

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांना दमा होता. भिंतीपलीकडच्या इंजिनाचा धूर सोसेना, तेव्हा त्या भावाकडे आल्या. दर अमावस्येला हे इंजिनाला धरलेला रुमाल घेऊन यायचे आणि त्या बघून सांगायच्या, अजून काळाच हाय. "एकदा लई फिकट रुमाल आणला ह्यांनी. म्हणले, बराबर वीस मोजले. मी लागलीच निघाले संगं. चौथ्या दिवशी अंथरुणावर उठून बसले, श्वास पुरंना. तवा हे रडले अन् कबूल झाले. मी यावं म्हणून पाचच मोजले होते."

मामा खांबावरचा रंग नखानं खरवडत होते.

"मी म्हणलं, रुमाल शिवून देते, पण आता तुमच्या मोजण्यावर येणार न्हाई. सरकारचा कागद आणा, मंग येते."

मला माझ्या झकास सहीची एवढी लाज वाटली की डावा हात मी मांडीखाली घेतला. हा माणूस सहा वर्षं तेल विकायला निघाला आहे, असं मी समजत होतो.

मामी उठल्या, आत गेल्या आणि पिशवीत लुगडी भरायला लागल्या. मामा गोंधळले. "अगं, अमान्य म्हणलंय त्यात."

"ऐकलं मी. नापास झालेला कागद घेऊन आलात ना? लपवला न्हाई, अर्धा वाचला न्हाई. मंग आता मला तुमचं मोजणं चालतं." पिशवीची गाठ मारत त्या म्हणाल्या, "अन् इंजिन वढ्याच्या पल्याड न्या. घराला चिकटून काहून पायजे ते?"

"त्याला शिमेटचा पाया लागतो."

"मंग घाला पाया."

मामा माझ्याकडे बघायला लागले. "मला ते सुधरायचं होतं," ते हळूच म्हणाले. "हलवायचं डोक्यातच आलं न्हाई, दिनकर."

पावसाळ्यानंतर ओढ्यापलीकडे पाया घातला, इंजिन हललं. मामांच्या डब्यात दोन्ही बाजूंनी नीट भाजलेली भाकरी दिसायला लागली. आता संपलं, असं मला वाटलं. पण एका सकाळी दोघंही माझ्या शेडखाली आले. मामा स्टुलावर बसले, मामी बाकावर. मिश्रणात सुधारणा झाली होती आणि अर्ज नव्यानं करायचा होता.

दहा रकाने मी न विचारताच टाइप केले. अकराव्याला मामा सवयीनं म्हणाले, "तपासणी चालू आहे."

"न्हाई," मामी म्हणाल्या. "मी सांगते ते लिहा. खोकला हाय, पण पयल्यापेक्षा कमी." मग त्या म्हणाल्या, "अन् लिहा, बाई घरी राहायला आली."

"मामी, यात धुराचा परिणाम लिहायचा असतो."

"परिणामच सांगून राह्यले मी."

मी मामांकडे पाहिलं. ते टोपीच्या कडेवरून बोट फिरवत, मान खाली घालून ओठांतल्या ओठांत मोजत होते. वीस होईपर्यंत मी थांबलो, आणि मग ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं.