मुदत संपलेली अँटिबॉडी

वस्तू लपवावी कशी, ते माझ्याकडून शिका! कुलूप लावलंत की चोराला कळतं, आत काहीतरी आहे. त्यापेक्षा वस्तू अशी टाकाऊ दिसायला हवी की चोरानं नाक मुरडून पुढं जावं. आमची आई बिस्किटं साबणाच्या डब्यात लपवायची. आम्ही भावंडं घर पालथं घालायचो, पण साबणाच्या वाटेला कोण जातंय?

माझं बिस्किट म्हणजे एक अँटिबॉडी. पेशीतलं मायटोकॉन्ड्रिया म्हणजे तिचं वीजघर, आणि तिथं ऊर्जा तयार करणारं एक प्रोटीन असतं. माझं सगळं संशोधन त्याच्यावर. ही अँटिबॉडी त्याला बरोबर हुडकून चिकटते आणि कागदावर काळी पट्टी उमटते. पट्टी दिसली की प्रोटीन आहे, इतकं सोपं! अवघड एवढंच, की अँटिबॉडी बोटाच्या पेराएवढ्या नळीत तळाला जेमतेम ओल दिसेल इतकीच येते, आणि मागवली की यायला महिनोन्‌महिने लागतात.

ती आली आणि अख्ख्या मजल्याला माझा पुळका आला.

"एकच थेंब दे ना रे!" शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली. ताई माझ्याआधीच डॉक्टरेट झालेली, जिभेवर साखर आणि हात चलाख.

"ताई, तुला दिला की सगळ्यांना द्यावा लागेल."

"एका थेंबानं काय होतंय?"

"थेंबे थेंबे तळे आटे!" मी म्हणालो, आणि माझ्या विनोदावर मीच हसलो.

त्याच दुपारी मी नळीवरचं लेबल खरवडून नवं लावलं: 'मुदत संपली'. माझं नाव नाही, काही नाही. फ्रीझरच्या तळाला, बर्फात रुतवून ठेवली. आईची आठवण आली हो!

एक गोष्ट तेवढी खटकत होती. पट्टी दिवसेंदिवस फिकट होत चालली होती. आधी काजळासारखी, मग पेन्सिलीसारखी, पुढं पुढं तर असून नसल्यासारखी. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला.

"ही पट्टी आहे की डाग?"

"पट्टी आहे, मॅडम."

"शुक्रवारी समिती येतेय. आधीच तुला मुदतवाढ देऊन त्या लोकांचा जीव मेटाकुटीला आलाय. नीट पट्टी दिसली नाही, तर डॉक्टरेट विसर आणि घरी बस!"

घरी बसायचं म्हणजे सासरेबुवांसमोर बसायचं! ते मला आत्ताच "काय डॉक्टर, यंदा तरी?" असं विचारतात, आणि तेही पाहुण्यांदेखत.

बुधवारी सकाळी फ्रीझर उघडतो तो काय! आत लख्ख! माझी नळी गायब!

"मामा!" मी किंचाळलो. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेची साफसफाई बघणारे.

"झकास झालाय ना?" मामा खुशीत. "मॅडम म्हणाल्या, समिती येणार, नाव असेल ते ठेवा, मुदत संपलेलं टाका. एकूण एक टाकलं बघा!"

"कुठं टाकलं?"

"तसंच कसं टाकेन? आधी उकळायला लावलंय. नियम आहे ना!"

कोपऱ्यात प्रेशर कुकरचा थोरला भाऊ शोभेल असं आमचं यंत्र सूं सूं करत वाफ सोडत होतं. उकडलेल्या अंड्यातून एकवेळ पिल्लू निघेल, पण उकळलेल्या अँटिबॉडीतून पट्टी निघणार नाही!

"का हो, कामाचं काही होतं का त्यात?" मामांचा चेहरा पडला.

काय सांगणार? अक्षर माझंच! "नाही मामा. मुदत संपलेलंच होतं."

मग नाक मुठीत धरून ताईकडे गेलो. "ताई, ती अँटिबॉडी... तुझ्याकडे थोडी असेल का गं?"

"थोडी कशाला? चांगली आहे की!"

"तुला कुठून मिळाली?"

"तुझ्याच नळीतून! तू जेवायला गेलास की एकेक थेंब घ्यायचे. कमी झालेली दिसू नये म्हणून वर खारं पाणी भरायचे. उगाच तुझ्या जिवाला घोर नको!"

"अगं, म्हणून माझी पट्टी...!"

"हो रे. मलासुद्धा फार वाईट वाटायचं."

"पण तुला नळी सापडली कशी?"

"मुदत संपलेली नळी कुणी रोज छातीशी धरून नेतं का?"

चिडावं की पाया पडावं? सासरेबुवा डोळ्यांसमोर आले आणि मी पाया पडलो.

शुक्रवारी पट्टी अशी काळीभोर उमटली की समितीनं माना डोलावल्या. मॅडम चक्क हसल्या! मी भारावून गेलो. उरलेली अँटिबॉडी फ्रीझरमधल्या ताईच्या खणात परत ठेवायला गेलो, तेव्हा कुठं नळीवरचं लेबल नीट वाचलं. त्यावर ठळक अक्षरांत माझं नाव होतं. अगदी आडनावासकट!

"ताई, हे काय?"

"मग कुणाचं घालू? माझं घातलं असतं तर दिवसभर लोक थेंब मागत आले असते. तुझं नाव बघितलं की कुणी विचारतसुद्धा नाही!"

सासरेबुवा हल्ली मला नीट डॉक्टर म्हणतात. ती नळी अजून फ्रीझरमध्ये आहे. तिला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही.