मोंगो-चक्र भेदिले त्याची हकीकत

स्वस्ति. जावा बेटावरील सोलो नगरीच्या शाळेत वार्षिक उत्सवाच्या आदले दिवशी संगणकावरील सामायिक तक्त्यावर जे दारुण संकट गुदरले, ते पुढील पिढ्यांनी, निदान पुढील दहावीने, ध्यानी धरावे म्हणोन येथे लिहिले असे.

ते समयी बारावीचे खासे गालिह, गामेलान वाद्यवृंदाचे सेनापती आणि तक्त्याचे स्वयंघोषित सरसुभेदार, यांनी हुकूम केला की प्रत्येक पथकाने आपली वेळ आपण भरावी. मग सोलोची रीत आड आली. येथे दारातून आत शिरतानाही 'मोंगो', म्हणजे आधी आपण, असे म्हणत चौघे बाहेरच ताटकळतात. सबब अकरावीच्या केनांगाने नाचाच्या खान्यात सूत्र घातले की गामेलान संपल्यावर आम्ही, आणि गालिहसाहेबांनी घातले की दहावीचे नाटक संपल्यावर आम्ही, आणि दहावीच्या बिमोने, धाकट्यांनी पुढे कैसे जावे म्हणोन, घातले की नाच संपल्यावर आम्ही. झाले. तिन्ही खाने एकमेकांकडे बोट दाखवून लालेलाल जाहले.

मग सरसुभेदारांनी शर्थ केली. तक्ता मिटिला आणि उघडिला, आणि वायफायास शिव्या दिधल्या, आणि खान्यांस निळा रंग दिधला, जणू निळे केले म्हणजे चूक शरमेल. ती न शरमली. तोच मुख्याध्यापिका बू रतिह यांचे फर्मान आले की दुपारच्या अजानीपूर्वी वेळापत्रक न पोहोचल्यास अडणारी बाब वगळावी.

"नाच काढू या," गालिह म्हणाले. "बिमोचं नाटक आपोआप पहिलं. सुटला प्रश्न."

त्या नाचात केनांगा प्रथमच पुढल्या रांगेत उभी राहणार होती, आणि त्यापायी तिचे गुडघे सोलून निघाले होते.

"वा मास, तुमचं गामेलान नाही बरं सुचलं काढायला," ती, थोरल्या भावास म्हणतात तैसे 'मास' म्हणोन, म्हणाली. "आणि काढायचं कशाला? एका खान्यात सरळ वेळ लिहिली तरी फेरा तुटतो की."

"लिहिणार कोण? पहिल्याला, आठ वाजता, समोर नुसत्या खुर्च्या असतात गं."

"मग खुर्च्यांसमोर नाचते."

आणि तिने कोणासही आधी आपण न म्हणता आपल्या खान्यात आठ वाजले असे लिहिले. त्यासरशी नाटक नाचामागे आणि गामेलान नाटकामागे निमूट उभे राहिले, आणि लाली उतरली, आणि वेळापत्रक अजानीपूर्वी दरबारी रुजू जाहले.

येणेप्रमाणे फत्ते. मोहिमेत कोणी दगावले नाही. सरसुभेदारांचा डौल तेवढा किंचित जायबंदी जाहला. मग समस्त शाळेने केनांगास 'उद्धट' हा किताब एकमताने बहाल केला, आणि तिने तो कमरेत लवून, अत्यंत अदबीने स्वीकारिला. तैसे दप्तरी नमूद असे.