नाशिक दर्शन व्हाया वजनकाटा

"तिसरी तक्रार आली की तू घरी," खंडेराव म्हणाले आणि तक्रारवही त्यांनी योगेशच्या हातात कोंबली.

योगेश फिजिक्सचा बीएस्सी होता. नोकरी मिळेपर्यंत तो खंडेरावांच्या विश्वयात्रा टूर्समध्ये गाइड होता. दुकानाच्या पाटीवर आयफेल मनोरा, पिरॅमिड आणि सिडनीचं नाट्यगृह रंगवलेलं असलं, तरी खंडेरावांचं विश्व सकाळी सातला नाशिकच्या एसटी स्टँडबाहेर सुरू व्हायचं आणि संध्याकाळी सहाला तिथंच संपायचं. पहिली तक्रार 'गाइडने भीमाची खोली दाखवली नाही' अशी होती. पांडवलेणी बौद्ध भिक्षूंची आहेत, भीमाचा तिथं संबंध नाही, असं योगेशनं भर उन्हात सप्रमाण सिद्ध केलं होतं. दुसऱ्या खेपेस एका काकूंनी गोदावरीचं पाणी इतकं गार का, असं सहज विचारलं, तर बाष्पीभवन समजावण्यात बस चाळीस मिनिटं उशिरा निघाली.

"पण मी खरं तेच सांगितलं," योगेश म्हणाला.

"लोक खरं ऐकायला येत नाहीत रे राजा. बघायला येतात. तू फक्त दाखव!"

त्या शनिवारी सटाण्याकडचे छत्तीस जण आले होते; त्यांची एसटी उशिरा पोचल्यानं निघायलाच अकरा वाजले. सगळे कांदेवाले, एकमेकांचे भाऊबंद. म्होरके होते मल्हारीआबा. सोबत त्यांची बायको अक्काबाई. डिझेल वाचावं म्हणून खंडेरावांची सहल सर्वांत लांबच्या स्थळापासून सुरू होऊन स्टँडकडे परत येत असे. त्यामुळे पहिलं स्थळ नाशिक रोडला, 'नोटांचा छापखाना (बाहेरून)'. सगळ्यांनी खिडकीतून भिंत पाहिली. अक्काबाईंनी बसल्या जागेवरूनच भिंतीला नमस्कार केला. बस सिन्नर फाट्याजवळ आली, एकदा कण्हली आणि थांबली.

"क्लच प्लेट गेली," ड्रायव्हर भिका खाली उतरून म्हणाला. "तासाभरात आणतो." आणि तो रिक्षात बसून गेलासुद्धा.

दहा मिनिटांत बस तापली.

"ए गाइडभाऊ, आम्ही नाशिक देखाले उनूत, गॅरेज देखाले नई," मल्हारीआबा म्हणाले. "ती तक्रारीची वही कुठं हे?"

योगेशनं वही पाठीमागे धरली. त्यानं जगातल्या प्रेक्षणीय स्थळांवरचं एक जाड पुस्तक वाचलेलं होतं. ते आता कामाला येईल असं त्याला वाटलं.

"आबा, जगात लोक काय काय बघायला जातात माहीत आहे? लंडनला घड्याळ बघायला जातात."

"तेसना घर घड्याळ नई का?" अक्काबाईंनी विचारलं.

"आहे ना. तरी जातात. सॅन फ्रान्सिस्कोला पूल बघतात, पिसाला वाकडा मनोरा बघतात."

"वाकडा? मग सरळ का नाही करत?" आबांनी विचारलं.

"सरळ केला तर कोण जाईल?"

हे आबांना पटलं. "मग दाखव आमाले बी कायतरी."

योगेशनं चहूकडे पाहिलं. पंक्चरचं दुकान, चहाची टपरी, टपरीवर जेवत बसलेले तीन ट्रॅक्टरवाले आणि पलीकडे ट्रक-ट्रॅक्टर मोजायचा एक वजनकाटा. काटा रिकामा होता. केबिनमध्ये दत्तू नावाचा माणूस पेपरनं वारा घेत होता.

"चला," योगेश म्हणाला. "छत्तीस माणसांचं एकत्र वजन किती, ते पाहू. असं लंडनमध्येसुद्धा कुणी दाखवणार नाही."

दत्तूलाही कंटाळा आला होताच. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या बाजूला ठेवून मंडळी चपला काढून काट्यावर चढली. लोखंड तापलेलं, चपला परत घातल्या. लाल आकडे पळाले आणि थांबले. दोन हजार दहा.

"दोन टन!" सगळे टाळ्या वाजवू लागले. खंडेरावांच्या कुठल्याही स्थळाला आजवर टाळ्या पडल्या नव्हत्या. योगेशला भरून आलं.

"आता गडी एकदा, बाया एकदा," मल्हारीआबांनी फर्मावलं. "बघू कोण भारी."

गडी एक हजार पन्नास भरले. बाया नऊशे तीस. बाया हसू लागल्या. पण आबा हसले नाहीत. ज्या माणसानं चाळीस वर्षं कांदा मोजून दिला, त्याची बेरीज तोंडावर तयार असते.

"एक हजार नऊशे ऐंशी," ते म्हणाले. "तीस किलो कुठं गेलं?"

"कोणी उतरलं असंल," दत्तू म्हणाला.

माणसं मोजली. छत्तीस. शिवाय तीस किलोचं माणूस त्यांच्यात कोणीच नव्हतं.

इथं योगेशनं गप्प बसायला हवं होतं. खंडेराव असते तर म्हणाले असते, चला मंडळी, बसमध्ये बसा. पण योगेशचे डोळे चमकले. डोक्यात कॉलेजची प्रयोगशाळा जागी झाली.

"तीन गट करा!" तो ओरडला.

तीन गटांची बेरीज एक हजार नऊशे पन्नास आली.

"बघा! दर वेळी तीस किलो जातात. म्हणजे एकेकटं माणूस उभं केलं तर प्रत्येकाचे तीस कमी दिसतील."

मल्हारीआबा चढले. डॉक्टरनं परवाच त्यांना सत्तर किलो सांगितले होते. काट्यानं चाळीस सांगितले. मग अक्काबाई चढल्या. तीस.

"तीस?" अक्काबाईंनी तोंडाला पदर लावला. "मनं लगीनमा बी इतलं नव्हतं! भाऊ, कागद निघतो का याचा?"

त्याबरोबर बायांची रांग लागली. "मला बी, मला बी" सुरू झालं आणि दत्तू घामाघूम होऊन पावत्या फाडू लागला. गड्यांकडे मात्र वेगळंच पेटलं होतं.

"हाऊ काटा खोटा शे!" आबांनी आरोळी ठोकली.

ती टपरीपर्यंत गेली. तिन्ही ट्रॅक्टरवाले भाकरी हातात घेऊन धावत आले. "सकाळी इथंच माल मोजला आमी!" त्यांनी ट्रॅक्टर काट्याच्या तोंडाशी आडवे लावले. त्यांच्यामागे टेम्पो, टेम्पोमागे ट्रक. अर्ध्या तासात फाट्यापर्यंत हॉर्न वाजू लागले. दत्तूनं केबिनला आतून कडी लावली.

"थांबा, थांबा!" योगेश आबांच्या आधारानं ट्रॅक्टरवर चढला. त्याचं मन प्रामाणिक होतं, तेच नडलं. "भाऊ, तुमचं काहीही नुकसान झालेलं नाही! भरलेल्या ट्रॅक्टरमधून तीस गेले, रिकाम्यातूनही तीसच गेले. वजाबाकीत दोन्ही उडतात. काटा खोटा आहे, पण मालाचं वजन खरं आहे!"

ट्रॅक्टरवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हा काटेवाल्याचा माणूस हे रे!" कुणीतरी ओळखलं.

"अहो, गणित आहे हे!"

"काट्याचं गणित काटेवालाच करतो!"

योगेशला खाली ओढलं. आतून दत्तू मात्र खिडकीतून हात जोडत होता. "हा साहेब म्हणतो तेच बरोबर!" तो ओरडला, त्यामुळे संशय पुरा झाला.

शेवटी मल्हारीआबांनीच तोड काढली. एक ट्रॅक्टर रिकामा मोजायचा, मग त्याच्यावर दहा माणसं चढवून मोजायचा, मग तीच दहा माणसं भरलेल्या ट्रकवर चढवून-उतरवून. दोन्हीकडे दहा माणसांचा फरक तेवढाच आला; म्हणजे वजाबाकीत तीस किलो खरंच उडत होते. ट्रॅक्टरवाले हळूहळू शांत झाले. भिका क्लच प्लेट घेऊन केव्हाच आला होता आणि हॉर्न वाजवत होता. पण सहलीतलं एकही माणूस बसकडे वळेना. सगळं पटेपर्यंत साडेपाच वाजले. ना पंचवटी, ना लेणी, ना गोदावरी.

स्टँडवर उतरताना मल्हारीआबांनी वही मागितली. योगेशनं ती दिली. आबांनी बराच वेळ लिहिलं, छत्तीस जणांनी सह्या आणि अंगठे केले. खंडेरावांनी वही उघडली तेव्हा योगेशनं डोळे मिटले.

"'असं नाशिक कधी पाहिलं नव्हतं,'" खंडेरावांनी मोठ्यानं वाचलं. "'गाइड हुशार. पुढच्या शनिवारी कळवणचे पाव्हणे धाडतो.' काय दाखवलंस रे त्यांना?"

पुढच्या शनिवारी कळवणहून बावन्न जण आले. खंडेराव स्वतः बरोबर निघाले; पत्रकात त्यांनी छापखान्याच्या खाली 'वजनकाटा (आतून)' असं छापून घेतलं होतं. काट्यावर बावन्न माणसं एकत्र चढली. मग निम्मी, मग उरलेली. बेरीज किलोला किलो जुळली. दत्तूनं काटा दुरुस्त करून घेतला होता. वर नवा रंगही दिला होता.

"बरोबर काटा काय बघायचा?" कळवणच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. "वही कुठं हे तुमची?"

खंडेरावांचा चेहरा उतरला. "योगेश," ते कानाशी लागून म्हणाले, "काहीतरी दाखव. काहीही."

योगेशची नजर रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर गेली. डोळे हळूच चमकले.

"मंडळी," तो म्हणाला, "कुणाकडे पाच लिटरचं माप आहे का?"