निमकरकाकूंचं वाण

आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमधल्या निमकरकाकू जिन्यात भेटल्या की "जेवलीस का?" असं विचारत नाहीत. "तपासून आलीस का?" असं विचारतात, तेही कचरेवाल्यासमोर, मोठ्या आवाजात. तपासणी म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची. "दुखत नाही तोवर जायचं असतं गं. दुखल्यावर सगळेच जातात."

काका जाऊन बरीच वर्षं झाली, तरी काकू हळदीकुंकू करतात. यंदा वाटलेलं, वाण म्हणून स्टीलचा डबा मिळेल. काकूंनी तिळगूळ दिला आणि खाली उभ्या केलेल्या रिक्षा दाखवल्या. "हेच वाण. जिला नको तिने नुसतं सोबतीला यावं." दवाखान्यात गजरे माळून, जरीच्या साड्यांत आम्ही बाकावर ओळीने बसलेलो. नर्स म्हणाली, "लग्न कोणाचं आहे?"

मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली. आत नेमकं काय करतात तेही ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाईंनी बारीक ब्रशने नमुना घेतला. देवाचं नाव पुरतं घेईपर्यंत झालंसुद्धा.

बाकीच्यांचे रिपोर्ट चांगले आले. माझ्या नमुन्यात काही पेशी बदललेल्या दिसल्या. मी गावी आईला फोन लावला आणि नुसती रडले. काकूंनी दटावलं, "अगं, ही नुसती चाळणी. निदान अजून व्हायचंय. आत्तापासून तेराव्याची तयारी कशाला?"

मग दुर्बिणीची तपासणी. डॉक्टरबाईंनी व्हिनेगरसारखं पाणी लावलं आणि जिथे पांढरं दिसलं तिथला कणभर तुकडा काढला. काकू पडद्याबाहेरून मला अळूवड्यांची कृती सांगत होत्या. कृती चिंच भिजत घालण्यापर्यंत आली आणि तपासणी संपली.

तुकड्याचा रिपोर्ट घ्यायलाही काकू आल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. हलके बदल आहेत, बहुतेकदा आपोआप जातात. वर्षाने पुन्हा दाखवायचं मात्र."

मी दवाखान्याच्या पायरीवरच बसून आईला फोन लावला. आई तिकडे शेजारणींना ओरडून सांगत सुटली, ते इकडे ऐकू येत होतं. काकूही ऐकत होत्या.

"माझा रिपोर्ट चांगला आला तेव्हा कोणाला सांगावं सुचेना," त्या म्हणाल्या. "दारात इस्त्रीवाला होता, त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं, आणि कपडे किती?"

मी हसले. त्याही हसल्या. मग मी फोन त्यांच्या हातात दिला. आई काय बोलत होती कोण जाणे. काकू कितीतरी वेळ नुसतं "हो ताई, हो" म्हणत राहिल्या.