शेपटीवरचा कोयता

अण्णांच्या विमानाच्या शेपटीवरचा कोयता खरवडून मी तिथं हंस काढला. कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा म्हणजे पाथर्डीतले आमचे शेजारी. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर आणि 'गर्भगिरी एअरवेज' या कंपनीचे मालक. ही कंपनी जगात कुठंही नाही. अण्णांच्या गच्चीवर मात्र तिची विमानं ओळीनं उभी असतात. प्लास्टिकच्या पाइपची, पत्र्याच्या पंखांची. अण्णा स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत. मालकाला वेळ कुठला!

कंपनीचा इतिहास मला पाठ आहे, कारण त्यांच्याकडं चहा इतिहासानंतरच मिळतो. आधी पंख्याची विमानं होती. मग पहिलं जेट आलं: पांढरं अंग, खिडक्यांखालून गेरूचा पट्टा, शेपटीवर काळा कोयता. पुढं पट्टा निळा झाला, खिडक्यांच्या वर चढला, अक्षरं तिरकी झाली. कोयता तेवढा हलला नाही.

"अण्णा, विमानात साधं नेलकटर नेऊ देत नाहीत. आणि तुमचा कोयता?"

"आत कुटं हाय? भाईर हाय की."

कंपनीचा नियम एकच. तो अण्णा टर्रकन तिकीट फाडून हातात द्यावं तसा सांगतात. "आमच्यात मुक्कामी गाडी न्हाई. सकाळी गेल्यालं इमान दिस मावळायच्या आत माघारी."

"लंडनलासुद्धा?"

"लंडनला आमी जात न्हाई. तिथं ऊस हाय का?"

यावर मी आठवडाभर हसलो. भेटेल त्याला सांगून हसलो.

मग वाचनालयानं हौशी लोकांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं. अण्णांनी पहिलं जेट माझ्याकडं दिलं. "धूळ तेवढी पुसा, भाऊसाहेब." आता मी शाळेत चित्रकलेत दुसरा आलेला माणूस, स्पर्धेत दोघंच होतो, हे सोडा. धुळीबरोबर कोयता गेला, हंस आला. बायको म्हणाली, "बदक छान जमलंय."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी अण्णा विमान न्यायला आले. शिव्या घालतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि अंगठ्यानं हंस चोळायला लागले. रंग पक्का वाळला होता.

"कंपनीला जरा शोभेलसं..." मी म्हणालो.

"दसरा झाला की आई-बाप टोळीसंगं ट्रकात बसून ऊसतोडीला जायाचे. मला चुलतीपाशी ठिवून. ते थेट उन्हाळ्यात माघारी. कंपनी मी तवाच काढली."

इथं कुणीही गप्प बसला असता. मी विचारलं, "पण कोयताच का? अंगावर एवढं ठळक नाव होतं की."

"आईला वाचता येत न्हवतं. येवढ्या इमानांत आपलं कोन्तं, तिला कळाया नको?"

मी उठलो, काळ्या रंगाचा डबा शोधला, ब्रश घेतला. अण्णांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तुमी ऱ्हाऊ द्या. तुमचं बदक बघून माझी आई फडातच हुबी ऱ्हायली असती."