झाकण अजून उघडलं नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हिवाळ्यात सकाळी लिफ्टमध्ये कुणी "चहा झाला का?" असं विचारत नाही. गायकवाड काका तेवढी सवडच देत नाहीत. ते आत शिरतात, मफलर सारखा करतात आणि जाहीर करतात, "झाकण अजून सहाव्या मजल्यावर आहे." नवा भाडेकरू असला तर तो पाण्याच्या टाकीची चौकशी करायला धावतो.

काका हवामान खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी फुगे सोडले, म्हणजे हवा मोजणारे. निवृत्तीनंतर फुगे सुटले, पण हवेच्या चौकशा काही सुटल्या नाहीत.

"रात्री जमीन गार पडते. तिच्याजवळची हवा गार होऊन तळाशी बसते. वर उबदार हवेचं झाकण. आत आपण, आपला धूर आणि तुमची ती स्कूटर. ऊन तापलं की झाकण उचललं जातं. चौथीतल्या पोरालासुद्धा कळतं हे." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणतात. मी खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे.

सात वाजता ते गच्चीवर खुर्ची टाकतात. पलीकडच्या बेकरीचा धूर सरळ वर जातो आणि एका उंचीवर आडवा होतो. तिथे झाकण. पूर्वी ही उंची ते टेकडीवरच्या खुणांनी मोजत. मग शेजारी बावीस मजली टॉवर उठायला लागला. सगळी सोसायटी निषेधाच्या पत्रावर सह्या गोळा करत फिरली, काकांनी मात्र सही नाकारली. "आयती पट्टी मिळतेय, ती कशाला घालवायची?" धूर बाविसाव्याच्या वर निघाला, की झाकण उघडलं.

टेकडीच्या खुणा मजल्यांशी जुळवण्यात त्यांनी दोन हिवाळे घालवले, कारण वह्या तेवीस आहेत आणि त्यांत खंड पडलेला त्यांना खपत नाही. "एका दिवसाचं कुणीही सांगेल. मला वीस वर्षांचं हवंय." वह्या म्हणतात, झाकण हल्ली जास्त खाली बसतं आणि उशिरा उघडतं. हे त्यांनी वार्षिक सभेत सांगितलं. सभेने लगेच पार्किंगचा विषय घेतला.

नोटीस बोर्डावर मात्र त्यांचं राज्य आहे. "झाकण पावणेदहाला उघडेल. तोवर पाला जाळू नये, उभी गाडी तापवत बसू नये. हास्यक्लबने हसणे पुढे ढकलावे."

त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी नोंदी माझ्याकडे आल्या. एकदा मी सव्वानऊला गच्चीवर गेलो, धूर वर गेलेला दिसला, अंदाजाने नऊ लिहिले. संध्याकाळी काका दारात. "नऊला तुम्ही आंघोळीला होतात. तुमचा नळ आमच्या भिंतीत वाजतो. जे बघितलं नाही ते वहीत लिहायचं नाही, साहेब." वहीत माझ्या आकड्यावर काट मारून त्यांनी लिहिलं, "निरीक्षक गैरहजर."

हे सगळं चालतं ते सुमनकाकूंसाठी. काकूंना दमा आहे. दिवाळी झाली की त्या लेकीकडे रत्नागिरीला जातात. सलग तीन दिवस झाकण नऊच्या आत उघडलं की परत यायचं, असं नवराबायकोचं ठरलेलं आहे. त्या रोज सकाळी फोन करून विचारतात, "उघडलं का?"

यंदा जानेवारीत दोन दिवस लागोपाठ नऊच्या आत उघडलं. तिसऱ्या दिवशी मीही गच्चीवर गेलो. आठ चाळीसला धूर टॉवरच्या डोक्यावरून निघून गेला. बाविसाव्या मजल्यावर वाळत घातलेली लाल चादरसुद्धा स्वच्छ दिसत होती. काकांनी वहीत लिहिलं, ८.४०. मी काकूंच्या स्वागताला निदान जिलबी तरी आणावी का, या विचारात होतो, तेवढ्यात फोन वाजला. काकांना फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर.

"उघडलं का हो?"

"नाही गं. बसलंय घट्ट."

"खरं सांगताय ना? मी बॅग भरून ठेवलीय."

"मी कधी खोटी नोंद केलीय का?"

"गच्चीवर आणखी कुणी आहे का? त्यांना द्या."

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. नजर मात्र वहीवर होती.

"हो काकू," मी म्हणालो. "सहाव्याच्या वर काही दिसत नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मफलर बांधायला सांगा त्यांना." फोन बंद झाला.

काकांनी मागची वही उघडून दाखवली. "जानेवारीत असे तीन दिवस येतात, आणि चौथ्या दिवशी झाकण परत खाली बसतं. सहा वह्यांत हेच आहे. एकदा मी हे तीन दिवस खरे मानले, ती आली, आणि आठ दिवस दवाखान्यात होती."

मी आजच्या वहीकडे पाहिलं. वहीतला ८.४० त्यांनी खोडला नव्हता.

"एकट्याला फार कंटाळा येतो हो," ते म्हणाले. मग पेनाला टोपण लावलं आणि शेजारची रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो.