सोयरिकीतला कर्नेल

“तुम्ही स्वतःचा कर्नेल कधी कंपाइल केलाय का?” दीपमालेने मेहकरहून फोनवर विचारलं. देऊळघाटच्या घराच्या गच्चीवर उभ्या असलेल्या गोकुळने समोर पसरलेल्या सोयाबीनकडे पाहत, क्षणभरही न थांबता सांगितलं, “हो, केलाय ना.”

त्याने तो कधीच केला नव्हता. लिनक्स ही संगणकाची प्रणाली तो सात वर्षं वापरत होता. त्या प्रणालीच्या गाभ्यात कर्नेल असतो, यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये अहोरात्र जागा राहणारा, हे त्याला ठाऊक होतं. पण तो आयता मिळतो, आणि आयता मिळालेल्या आकाशाखाली जसं माणूस निमूटपणे राहतो तसा गोकुळही त्या आयत्या कर्नेलखाली राहत आला होता. हवं ते ठेवून नको ते गाळून आपल्या हाताने नवा कर्नेल घडवण्याची गरज त्याला कधी भासली नव्हती. ती आता भासली, कारण गुरुवारी दुपारी एक वाजता दीपमाला आणि तिचे वडील इंद्रभान सोयरिकीसाठी घरी येणार होते.

याआधी पाच सोयरिकी आल्या तशा परतल्या होत्या. गोकुळ पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला होता आणि काम घरूनच करत होता. पण घरी येणाऱ्या पाहुण्यांना दिसायचा तो बनियनवर बाजेवर बसलेला पोरगा आणि त्यामागे बांधलेली म्हैस. “पोरगा घरीच राह्यते,” एवढा निरोप मागे ठेवून माणसं निघून जायची. इंद्रभानांनी म्हणूनच आधी बजावलं होतं, “आमाले नोकरी डोयानं दाखवा.” नोकरी लॅपटॉपमध्ये होती. त्या लॅपटॉपवर सगळं अवलंबून होतं, आणि नेमक्या त्याच लॅपटॉपचं काळीज गोकुळने बुधवारी दुपारी बदलायला घेतलं.

कर्नेल घडवताना यंत्र हजारो प्रश्न विचारतं. हे हवं का, ते हवं का; प्रत्येक वेळी हो किंवा नाही. पहिल्या प्रश्नाला गोकुळने नकाराची कळ दाबली. “हे नाही लागत,” असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि आई तानुबाईंनी स्वयंपाकघरातून धाव घेतली.

“काय म्हनलं रे तू?”

“काही नाही, माय.”

“आणखी म्हनते! सोयरिकीचा मानूस उंबऱ्यावर यायचा हाय अन् तू घरात नाही-नाही करून राह्यला? मीठ सरलं तरी मी ‘वाढलं’ म्हनतो सकायपासून!”

“अवं माय, मशीन विचारून राह्यली मले.”

“मशीन असो का मानूस असो. आज-उद्या या घरात नाही म्हनायचं नाही. हाव म्हन.”

तिने स्वतः ‘नाही’ हा शब्द चारदा उच्चारला होता, हे सांगण्याचं धैर्य गोकुळला झालं नाही. उत्तमराव शेतातून नुकतेच आले होते. डोक्याचा रुमाल सोडत ते लेकाच्या पाठीशी येऊन उभे राहिले.

“काय विचारते थे?”

“हौशी रेडिओवाल्यांचं यंत्र जोडाची सोय पाह्यजे का, म्हणते.”

“घेऊन ठेव.”

“बाबा, आपल्याकडे रेडिओचं यंत्र कुठी हाय?”

“उद्या आलं तं? कोनाच्या दारात मांगाले जाशीन? पुढचं सांग.”

“जॉयस्टिक. खेळाची दांडी.”

“थे खाते काय?”

“खात नाही.”

“मंग राहू दे. पडून राहीन कोपऱ्यात.”

ज्या घरात तुटलेल्या वखराचं लोखंड, बिनबुडाची घागर आणि आजोबांच्या सायकलीची घंटा ‘कामी येईल’ म्हणून जपून ठेवली जाते, त्या घरात दुसरा कर्नेल घडणं शक्यच नव्हतं. पन्नासाव्या प्रश्नानंतर गोकुळने वाचणं सोडलं. शंभराव्यानंतर विचार करणंही सोडलं. तो आंघोळीला गेला तेव्हा होकाराची कळ उत्तमरावांनी सांभाळली, आणि ते वैरण कापायला उठले तेव्हा तानुबाईंनी, हात धुऊन, पदराला पुसून, दर दाबण्यासरशी “हाव गा बाप्पा, हाव” म्हणत ती परंपरा पुढे चालवली. जगातल्या ज्ञात-अज्ञात, जित्या आणि कालबाह्य अशा सगळ्या यंत्रांना त्या दुपारी देऊळघाटात होकार मिळाला.

संध्याकाळी सुरू झालेलं कंपाइलचं काम गुरुवारी सकाळी अकरा वाजता संपलं. शेवटच्या ओळींमध्ये डिस्कवरची जागा भरल्याबद्दल काहीतरी लिहून आलं आणि वर सरकून गेलं. गोकुळने ते पाहिलं, पण आनंदाच्या ओघात शब्दांना अर्थ असतोच असं नाही. त्याने लॅपटॉप बंद केला, अंगावर इस्त्रीचा शर्ट चढवला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा एक लोंढा आला आणि थबकला. मूळ फायलींची जागा सापडत नाही. कर्नेल भेदरला आहे. यंत्राच्या भाषेत खरोखरच हाच शब्द होता: पॅनिक. झोपेतून उठलेल्या माणसाला आपण कोण हे आठवावं, पण आपलं घर कुठे आहे हे मात्र आठवू नये, तसा तो कर्नेल अंधारात उभा होता. गोकुळ त्याच्याकडे पाहत राहिला. दोघांपैकी अधिक भेदरलेला कोण, हे सांगणं अवघड होतं.

त्याने बटण दाबून लॅपटॉप बंद केला, चालू केला. तोच लोंढा, तोच थांबा. जुना कर्नेल लॅपटॉपमध्येच कुठेतरी आहे, सुरुवातीच्या यादीतून तो निवडता येतो, हे त्याला माहीत होतं. पण लॅपटॉप झटपट सुरू व्हावा म्हणून ती यादी त्यानेच कधीकाळी लपवली होती. आता ती उघडायला कुठली कळ, कुठल्या क्षणी? त्याने शिफ्ट दाबून पाहिली. मग सगळ्याच कळा दाबून पाहिल्या. एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना अंगणात जीप थांबली.

“पाहुने आले बे! चालू कर,” उत्तमराव आत डोकावून कुजबुजले.

“चालू नाही होऊन राह्यलं, बाबा.”

“काऊन?”

“मलेच समजून नाही राह्यलं.”

“मंग तसंच ठेव. उजेड तं दिसते ना त्याच्यात?”

इंद्रभान उंच, शांत आणि संशयी गृहस्थ होते. पाणी पिऊन झाल्यावर ते थेट टेबलाशी आले आणि हात मागे बांधून पडद्याकडे पाहू लागले. बाजारात बैलाचे दात पाहण्यापूर्वी जाणकार पाहतो तसं.

“हे तुमची नोकरी व्हय, बापू?”

उत्तमराव पुढे झाले. “हाव, हेच. लय बारीक काम हाय.”

“हालून नाही राह्यलं काही.”

“इचार करून राह्यलं थे.”

“कवापासून?”

“सकायपासूनच म्हना ना.”

वडिलांच्या खांद्याआडून दीपमालेने वाकून पाहिलं. ती मेहकरच्या एका महाविद्यालयात संगणक शिकवत असे. तिने त्या ओळी वाचल्या, गोकुळचा चेहरा वाचला, आणि दोन्हींचा मजकूर एकच आहे हे तिच्या लक्षात आलं.

“बाबा, तुम्ही ओसरीवर बसा. आम्हाले दहा मिनिटं बोलायचं हाय.”

मुलगा-मुलगीने दहा मिनिटं बोलावं, दार उघडं असावं आणि घरच्यांनी ऐकत नसल्यासारखं बसावं, हा आता सोयरिकीचा रिवाजच झाला होता. मोठी माणसं बाहेर गेली. दीपमालेने खुर्ची ओढली.

“पहिल्यांदाच केलाय ना?”

गोकुळने उंबऱ्याकडे पाहिलं. माय दिसत नव्हती. “हो. फोनवर खोटं बोललो मी. तुम्ही दाखवा बरं आता, पुढे काय करायचं.”

ओढणीच्या टोकाशी खेळत ती म्हणाली, “मी पण कधी केला नाही.”

“मग विचारलं कशाला?”

“आधीचे सगळे म्हणायचे, आयटीत आहोत. हा प्रश्न विचारला की मुकाट व्हायचे. तुम्ही एकदम हो म्हणालात. मीच घाबरले. म्हटलं, यानं उलट काही विचारलं तर?”

त्या काळ्या पडद्यात आता दोन चेहरे अंधुक दिसत होते.

“यादी उघडायला एस्केपची कळ असते बहुतेक,” दीपमाला म्हणाली. “तुम्ही बटण दाबा. मी कळ दाबते.”

पहिल्या वेळी तिने घाई केली आणि भलतीच निळी पाटी उघडली. दुसऱ्या वेळी उशीर झाला. कर्नेल पुन्हा भेदरला. तिसऱ्या वेळी तिने कळ इतक्यांदा दाबली की यादी येऊन निघूनही गेली आणि एकटा ठिपका लुकलुकत राहिला.

“एकदाच दाबा ना.”

“तुम्ही सांगा मग, कधी ते.”

“आता!”

“अहो, बटण तर दाबा आधी!”

तानुबाई पोहे ठेवायला आल्या आणि पोरगी हसते आहे, पोरगा कपाळाला हात लावून बसला आहे, हे पाहून पोहे न ठेवताच परतल्या. दहा मिनिटांचा दीड तास झाला. ओसरीवर सुपारी संपली, पावसाचा विषय संपला, मेहकर-चिखली रस्त्याचाही संपला. इंद्रभान मधूनमधून घड्याळ पाहत होते, पण उठत नव्हते.

अकराव्या खेपेला बटण आणि कळ यांच्यामधला तो एक निसटता क्षण दोघांच्या बोटांना एकाच वेळी सापडला. यादी उघडली. दोन नंबरला जुना कर्नेल होता, निमूट, कसलाही रुसवा नसलेला. त्यांनी तो निवडला आणि पडद्यावर गोकुळचं सगळं जग, त्याच्या कामाच्या खिडक्यांसह, उजळून आलं. पावणेतीन वाजले होते. इंद्रभानांना बोलावून नोकरी दाखवण्यात आली. त्यांनी ती जेमतेम पाहिली.

“झालं ना? चाल मंग, दीपा.”

“झालं नाही, बाबा. हा जुना आहे. नवा बिघडलेलाच आहे. आता तपासलं, जागा भरली म्हणून अर्धवट बसला. रविवारी येते मी. दोघं मिळून तो पुन्हा नीट बांधतो.”

“येते म्हंजे?” इंद्रभान थांबले. “सोयरीक नाही झाली अन् पोरगी पोराच्या घरी दुरुस्तीले? मेहकरात काय सांगू मी?”

अडचण खरी होती. तानुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “मंग रविवारीच साखरपुडा करून घ्या. पुढं कोनी काही बोलत नाही.”

“सकाळी साखरपुडा, दुपारी दुरुस्ती,” उत्तमरावांनी वेळापत्रक मांडलं.

इंद्रभानांनी मुलीकडे पाहिलं. दीपमाला विचारात पडली होती.

“दुरुस्ती आधी,” ती म्हणाली. “नंतर साडी सांभाळत मला कळा दाबता यायच्या नाहीत.”

जीपमध्ये चढता चढता इंद्रभानांनी उत्तमरावांचा हात हातात घेतला. “खरं सांगू? मी आज नकार द्यालेच आलो व्हतो. पन आजवर कोन्या पोरापाशी हे चार मिनिटावर बसली नाही. तुमच्या पोराचं काय बिघडलं व्हतं, थे मले समजलं नाही. पन लय चांगलं बिघडलं व्हतं.”

जीप गेली. गोकुळ पुन्हा टेबलाशी बसला आणि त्याने इंटरनेटवर त्या भेदरल्या ओळीचा शोध घेतला. पहिलंच उत्तर नेमकं होतं. तीन आज्ञा, फार तर अर्ध्या तासाचं काम. करतो म्हटलं तर दिवेलागणीच्या आत नवा कर्नेल ठणठणीत झाला असता. ते उत्तर त्याने दोनदा वाचलं. मग लॅपटॉप मिटला, त्यावर तानुबाईंनी विणलेला रुमाल पसरला, आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं की रविवारपर्यंत या यंत्राला कुणीही हात लावायचा नाही.